खांद्याच्या टेंडनला चुंबकीय मशीन लावावी का?

पत्र

नमस्कार मॅडम,

मी मानेवाड्याला राहते. वय ५२, शाळेत शिक्षिका आहे. दिवाळीच्या साफसफाईत छताची जाळी-जळमटं काढली आणि तेव्हापासून उजवा खांदा दुखून राहिला. वाटलं, अंग दुखलं असेल, जाईल चार दिवसांत. आता सात महिने झाले. फळ्याच्या वरच्या भागात लिहिता येत नाही, वेणी घालताना हात मध्येच अडतो, उजव्या कुशीवर वळलं की रात्री ठणक्याने जाग येते. शुगर सहा वर्षांपासून आहे, गोळ्या सुरू आहेत.

सोनोग्राफीत सुप्रास्पायनेटस टेंडिनोसिस आणि थोडं पाणी असं आलं. फाटलेलं काही नाही. डॉक्टरांच्या दहा दिवसांच्या गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटलं. एका ठिकाणी व्यायाम सुरू केला होता, पण पहिल्याच आठवड्यात जास्त दुखलं म्हणून सोडला. आता रामदासपेठेतल्या एका सेंटरवर सांगितलं, की आत सूज आहे, चुंबकीय लहरींच्या मशीनने ती निघून जाईल. २० सिटिंग, एका वेळचे ७०० रुपये, सगळे एकदम भरले तर १२ हजार. माझे दीर म्हणतात, त्यापेक्षा चुंबकाची गादीच घ्या वहिनी, साठ हजारांची आहे पण घरातल्या सगळ्यांच्या कामी येईल, रक्तातलं लोह ओढल्यामुळे रक्ताभिसरण सुधारते. घरी सासूबाई आहेत, त्यांना पेसमेकर बसवला आहे.

शाळा उघडायच्या आत हात वर जायला पाहिजे. खरंच फायदा होतो का या मशीनचा? की सरळ इंजेक्शन घेऊन टाकू?

एक शिक्षिका, नागपूर

उत्तर

ताई,

गादी घेऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते, कारण तुमच्या घरात पेसमेकर बसवलेलं माणूस आहे. तपासणीच्या वेळी डॉक्टर मुद्दाम पेसमेकरजवळ चुंबक धरतात. तेवढ्या वेळापुरता तो हृदयाकडे लक्ष ठेवणं सोडून ठरलेल्या गतीने ठोके देत राहतो. दवाखान्यात ते डॉक्टरांच्या नजरेखाली होतं. चुंबकं शिवलेल्या गादीवर सासूबाई दुपारी सहज लवंडल्या, तर तेच घरात होईल आणि कुणाला कळणारही नाही. चुंबक असलेली कोणतीही वस्तू पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवायची असते. मग गादीचा तर प्रश्नच नाही.

दिरांचा हेतू चांगला आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना एवढंच विचारा, की एमआरआयच्या मशीनमध्ये माणूस अर्धा तास पडून राहतो तेव्हा रक्ताचं काय होतं? ते चुंबक साधारण १.५ टेस्लाचं असतं, गादीतल्या चुंबकांपेक्षा कितीतरी पट ताकदवान. तरी रक्त नेहमीसारखंच वाहत राहतं. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही, चुंबकाकडे धावत नाही. साठ हजार रुपये वाचले असं समजा.

सेंटरवरची मशीन मात्र वेगळी आहे. तिला गादीच्या पंक्तीला बसवणं बरोबर होणार नाही. गादीतलं चुंबक नुसतं स्थिर असतं. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलं, की चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं तरच शेजारच्या वाहकात वीज निर्माण होते. या मशीनच्या रिंगमध्ये किंवा पॅडमध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि त्यातून वीज थांबून थांबून, ठोक्याठोक्याने सोडतात. प्रत्येक ठोक्याला क्षेत्र उभं राहतं आणि पडतं, आणि आपल्या ओलसर ऊतींमध्ये अगदी सूक्ष्म प्रवाह उमटतो. म्हणून हिला पल्स्ड इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड, थोडक्यात पीईएमएफ म्हणतात. क्षेत्राची ताकद बहुधा एक-दोन मिलिटेस्लाच्या (मिलिटेस्ला म्हणजे टेस्लाचा हजारावा भाग) आसपास असते, फ्रिजवर लावायच्या साध्या चुंबकाहूनही कमी. फिजिओथेरपीत आयएफटी या विजेच्या मशीनच्या झिणझिण्या किंवा डायथर्मी या मशीनचा ऊबदार शेक तुम्ही घेतला असेल, तसं इथे काहीच जाणवत नाही. मशीन चालू आहे की बंद, हे पेशंटला सांगता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

हे शास्त्र हाडांपासून सुरू झालं. हाडावर दाब पडला की त्यात सूक्ष्म वीज तयार होते, हे जपानमध्ये फुकादा आणि यासुदा यांनी १९५७ मध्ये मांडलं. मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले हाडांचे सर्जन अँड्र्यू बॅसेट यांनी उलट बाजूने विचार केला, की बाहेरून प्रवाह उमटवला तर हाड भरून येईल का? त्यांचं काम १९७४ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि १९७९ मध्ये औषधांना आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी या उपचाराला परवानगी दिली. म्हणजे सेंटरने तुम्हाला जे सुचवलं, त्याच्यामागे खरं विज्ञान आहे. पण ती परवानगी हाडाची होती, आणि तुमचं दुखणं टेंडनचं, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीचं आहे.

आता तुमच्या खांद्यात काय झालंय ते बघू. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार छोटे स्नायू असतात. त्यातला सुप्रास्पायनेटस सगळ्यात वरचा. त्याचा टेंडन खांद्याच्या टोकाच्या हाडाखालच्या चिंचोळ्या फटीतून जाऊन दंडाच्या हाडाला चिकटतो. हात डोक्यावर नेऊन फळ्यावर लिहायचं, जळमटं काढायची, माळ्यावरचे डबे उतरवायचे, या सगळ्यात त्याच्यावर ताण येतो. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकांचा उजवा खांदा पन्नाशीत कुरकुरतो, हे मी पुष्कळदा पाहते.

टेंडनला ताजी इजा झाली की आधी काही दिवस सूज येते. ही सूज शत्रू नव्हे. तिच्यातल्याच पेशी खराब झालेला भाग साफ करतात आणि दुरुस्तीला बोलावणं धाडतात. मग काही आठवडे घाईघाईने नवं कोलॅजेन, म्हणजे टेंडनचे धागे ज्याचे बनतात ते प्रथिन, घातलं जातं, आणि त्यानंतर कित्येक महिने, कधी वर्षभर, ते ताणाच्या दिशेने नीट लावलं जातं. तुमची इजा सात महिन्यांपूर्वीची आहे. या अवस्थेतल्या टेंडनमध्ये सुजेच्या पेशी थोड्याच उरलेल्या असतात. खरी अडचण असते ती धाग्यांच्या विस्कटलेल्या रचनेची. निरोगी टेंडनमध्ये कोलॅजेनचे धागे विंचरून घातलेल्या वेणीसारखे एका दिशेने असतात, तुमच्या टेंडनमध्ये त्यांचा काही ठिकाणी गुंता झालाय. रिपोर्टमध्ये जे थोडं पाणी लिहिलंय ते टेंडनवरच्या पिशवीतलं, म्हणजे बर्सामधलं असणार. तिथे थोडा दाह असू शकतो आणि रात्रीच्या ठणक्यात त्याचा वाटा असतो. मशीनने सूज निघून जाईल हे वाक्य त्या पिशवीपुरतं कदाचित खरं ठरेल. गुंत्याला ते लागू होत नाही.

टेंडनवर पीईएमएफचा अभ्यास झालेला आहे, आणि बराच झालेला आहे. इटलीत फेरारा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की या क्षेत्रामुळे पेशींवरचे, अडेनोसिन या शरीरातल्याच रसायनाचा निरोप घेणारे काही ग्राहक (रिसेप्टर) वाढतात. दाह शमवण्याचा शरीराचा जो स्वतःचा मार्ग आहे, तो याच ग्राहकांतून जातो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी टेंडनच्या पेशींमध्येही दाह कमी करणारे घटक वाढलेले दिसले. न्यूयॉर्कमध्ये उंदरांच्या टाचेचा टेंडन कापून शिवला आणि काहींना हे क्षेत्र दिलं. तीन आठवड्यांनी त्यांच्या टेंडनची ओढ सहन करण्याची ताकद ६९ टक्क्यांपर्यंत जास्त भरली. हा २००६ मधला अभ्यास जाहिरातींत फार वापरला जातो. आकडा खरा आहे. पण तो तरुण उंदरांचा, नुकत्याच कापलेल्या आणि लगेच शिवलेल्या टेंडनचा आहे. बावन्न वर्षांच्या, शुगर असलेल्या, सात महिने दुखणाऱ्या खांद्याला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

माणसांच्या खांद्यावर काय झालं? इथे ती मघाची गोष्ट कामी येते. मशीन चालू की बंद हे कळत नसल्यामुळे अर्ध्या पेशंटना खरी आणि अर्ध्यांना बंद मशीन लावून प्रामाणिक तुलना करता येते. इंग्लंडमध्ये १९८४ मध्ये, स्टिरॉइडच्या इंजेक्शनने बरं न वाटलेल्या २९ जणांवर असा प्रयोग झाला. पहिल्या चार आठवड्यांत खऱ्या मशीनच्या लोकांना स्पष्ट आराम पडला. तुर्कस्तानात २००७ मध्ये ४६ जणांवर तीन आठवडे करून पाहिलं. सगळ्यांना व्यायाम, बर्फ आणि गोळ्या होत्याच, वर अर्ध्यांना खरी मशीन. दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि मशीनमुळे वेगळा फरक दिसला नाही. ब्राझीलमध्ये २०१४ मध्ये ५६ जणांना आधी तीन आठवडे फक्त मशीन दिली, खरी किंवा बंद, आणि मग सहा आठवडे सगळ्यांना व्यायाम. खऱ्या मशीनच्या लोकांना आराम आधी मिळाला. बंद मशीनच्या लोकांना तो व्यायाम सुरू झाल्यावर मिळाला.

हे सगळं एकत्र ठेवून माझं मत असं, की पीईएमएफ कदाचित दुखणं थोडं लवकर उतरवेल. ते धोक्याचं नाही, पण खात्रीचंही नाही. आणि गुंता सोडवून टेंडनला पुन्हा फळ्यावर लिहिण्याइतकं बळ देण्याचं काम ते एकट्याने करत असल्याचा पुरावा माझ्यासमोर नाही. ते काम भार करतो. टेंडनच्या पेशींना ओढ जाणवली की त्या कोलॅजेन बनवतात, आणि ज्या दिशेने ओढ येते त्या दिशेने ते लावतात. म्हणून वीस सिटिंगचे पैसे एकदम भरू नका, आणि सोडलेला व्यायाम पुन्हा धरा.

तुम्ही लिहिलंय की व्यायामाने जास्त दुखलं. तुमचा यात काही दोष नाही. तुम्हाला बहुधा थेट हात वर न्यायला लावलं असेल किंवा वजन लवकर दिलं असेल. सुरुवात याहून खालून करायची असते.

पण त्याआधी घरी एक तपासणी करा. दोन्ही कोपर अंगाला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पंजे बाहेरच्या बाजूला उघडा, दार उघडतो तसे. उजवा हात डाव्याइतका उघडतो का? मग सैल सोडलेला उजवा हात घरातल्या कुणाला तरी हळूच वर न्यायला सांगा. दुसऱ्याने नेल्यावर हात वर जात असेल, तर दुखणं टेंडनचं. दुसऱ्याने नेऊनही तो अडत असेल आणि पंजा बाहेर उघडतच नसेल, तर फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधाच आखडणं, सुरू झालेला असू शकतो. शुगर असलेल्यांत तो बऱ्याच जास्त प्रमाणात होतो, आणि त्याचे उपचार वेगळे. तसं दिसलं तर पुढचा व्यायाम सुरू न करता आधी डॉक्टरांना दाखवा.

हात वर जात असेल, तर पहिले दोन-तीन आठवडे न हलवता दाबायचा व्यायाम. भिंतीच्या शेजारी उभं राहा, उजवी बाजू भिंतीकडे. कोपर अंगाशी, काटकोनात, मध्ये टॉवेलची छोटी गुंडाळी. हाताची मागची बाजू भिंतीवर टेकवून बाहेरच्या दिशेने दाबा. पूर्ण ताकद नको, निम्मीच. ३० ते ४५ सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, सोडा, मिनिटभर थांबा. असं चार-पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. मग त्याच जागी उभं राहून दंडाच्या बाहेरच्या बाजूने भिंत दाबा, तेवढाच वेळ. पुष्कळांचं दुखणं या दाबण्यानेच थोडं उतरतं.

ते जमलं की रबरी पट्टा घ्या. मेडिकल स्टोअरमध्ये किंवा खेळाच्या दुकानात थेराबँड म्हणून मिळतो. खिडकीच्या गजाला बांधून दोन प्रकार करा. कोपर अंगाशी ठेवून पंजा बाहेर ओढायचा, आणि समोरून पट्टा ओढत दोन्ही कोपरं मागे न्यायची, खांद्याची पाती एकमेकींजवळ आणत. दहा ते पंधरा वेळा, तीन फेऱ्या, सावकाश. हा व्यायाम रोज नको, एक दिवस आड. भार दिल्यावर पहिला दीड दिवस टेंडनमध्ये जुनं कोलॅजेन तुटण्याचा वेग जास्त असतो, त्यानंतर बांधणी वरचढ होते. रोज केलं तर बांधणीला वेळच मिळत नाही.

सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात धरून हात वर न्यायला लागा. तो अगदी बाजूने नको आणि अगदी समोरूनही नको, दोन्हींच्या मधल्या तिरप्या रेषेत. आधी खांद्याच्या उंचीपर्यंत, मग हळूहळू वर. फळ्यावर लिहिण्याची हीच तयारी. बाटली जड वाटेनाशी झाली की एक लिटरची घ्या.

आता दुखण्याचं. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, इजा होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीइतकं खाली आलं पाहिजे. आलं नाही तर व्यायाम बंद करायचा नाही, एक पायरी खाली उतरायचं. मागच्या वेळी ही एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली असती, तर तुम्ही तो सोडला नसता.

यासाठी रोज सेंटरवर जायची गरज नाही. इंग्लंडमध्ये खांद्याच्या टेंडनच्या ७०८ पेशंटचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना फिजिओथेरपिस्टने सहा वेळांपर्यंत बोलावून व्यायाम घेतले. काहींना एकदाच नीट बसवून सगळं समजावलं, आणि त्यांनी घरी केले. वर्षभराने दोन्ही गट सारखेच होते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, आपल्या मेडिकलमध्ये, फिजिओथेरपीची जुनी शाळा आणि ओपीडी आहे. तिथे एकदा जाऊन व्यायाम बरोबर होतोय का हे तपासून घ्या. महिन्याने पुन्हा एकदा.

त्याच अभ्यासात तुमच्या इंजेक्शनचंही उत्तर आहे. स्टिरॉइडने पहिल्या काही आठवड्यांत थोडा आराम जास्त मिळाला, वर्षाअखेरीला काहीच फरक उरला नाही. तुमच्या बाबतीत आणखी एक भर, की स्टिरॉइडने साखर काही दिवस चांगलीच चढते. रात्रीची झोपच उडाली असेल, दुखण्यामुळे व्यायामाला हातच लावता येत नसेल, तर शुगर पाहणाऱ्या डॉक्टरांना सांगून एकदा घेणं समजू शकते. पुन्हा पुन्हा नको, त्याने टेंडन कमजोर होतो. आणि कुणी दुर्बिणीतून खांद्याचं हाड घासायचं सुचवलं, तर २०१८ मधला इंग्लंडचाच अभ्यास लक्षात ठेवा. फाटलेलं काही नसलेल्या ३१३ जणांत ते ऑपरेशन खोट्या ऑपरेशनपेक्षा सरस ठरलं नाही.

शुगरबद्दल थोडं कडक बोलते. साखर वाढलेली राहिली की ती कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटते, धागे एकमेकांत जखडतात आणि टेंडन ताठर होतो. तुमचा एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, शेवटची कधी केली होती? पत्रात त्याचा उल्लेख नाही. बारा हजार रुपये खर्च करण्याआधी ती तपासणी करा. आकडा चढा असेल, तर खांद्याचं निम्मं औषध तिथेच आहे. दुखण्याच्या गोळ्या मेडिकल स्टोअरमधून स्वतःच आणून चालू ठेवू नका. शुगरच्या माणसाच्या किडनीला त्या जड जातात. आणि लघवीच्या जंतुसंसर्गाला किंवा इतर कशाला सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखं अँटिबायोटिक लिहून दिलं, तर टेंडनचा त्रास आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. या गटातल्या औषधांनी टेंडन दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचाही धोका असतो. एफडीएने त्याचा ठळक इशारा २००८ मध्येच दिला आहे.

घरातलं काम बंद करायला मी सांगणार नाही. तसं सांगून ते बंद होत नाही, आणि हात गळ्यात बांधून ठेवला तर खांदा आणखी आखडतो. पण उन्हाळ्यात कूलरमध्ये बादलीने पाणी भरत असाल तर ते आजच थांबवा. भरलेली बादली छातीपर्यंत उचलून टाकीत रिकामी करायची, तीही दिवसातून दोनदा, हा या खांद्याला सगळ्यात वाईट भार आहे. नळाला पाइप लावा किंवा मुलांना सांगा. रोजच्या वापराचे डबे कंबर ते छातीच्या उंचीवर आणा. कुरड्या-पापड वाळत घालायला हरकत नाही, पण वरच्या दोरीवर ओल्या चादरी टाकायचं काम दुसऱ्याकडे द्या. झोपताना डाव्या कुशीवर, पोटाशी उशी घेऊन उजवा हात तिच्यावर ठेवा. उताणं झोपलात तर उजव्या कोपराखाली घडी केलेली चादर घाला, म्हणजे खांदा मागे पडत नाही. रात्रीच्या ठणक्याला याचा जेवढा उपयोग होतो तेवढा मलमांचा होत नाही.

एवढं करूनही मशीन घेऊन बघायची इच्छा असेल तर घ्या, मी अडवणार नाही. फक्त पैसे प्रत्येक वेळेचे वेगळे द्या, आणि सहा वेळांची मुदत ठरवा. पहिल्या दिवशी भिंतीला तोंड करून हात जिथवर जातो तिथे पेन्सिलने खूण करा, आणि रात्री किती वेळा जाग येते ते वहीत लिहा. सहा वेळांनंतर खूण वर सरकली नाही आणि झोप सुधारली नाही, तर पुढे जाऊ नका. सेंटरवाल्यांना विचारा, की क्षेत्र किती मिलिटेस्लाचं, ठोके सेकंदाला किती, एका वेळी किती मिनिटं? ज्याला ही तीन उत्तरं देता येत नाहीत, त्याच्याकडे खांदा सोपवू नका. मशीनखाली अर्धा तास झोपवून घरी पाठवत असतील आणि व्यायामाचं नावही काढत नसतील, तर ते सेंटर तुमच्यासाठी नाही. दुखणं उतरलेलं असेल तेवढ्यात व्यायाम उरकायचा, हा मशीनचा सगळ्यात चांगला उपयोग. सासूबाईंना सोबत नेऊ नका, आणि नेलंच तर मशीनच्या खोलीत बसवू नका. गरोदर बाई, कॅन्सरचे उपचार चालू असलेला माणूस, इन्सुलिन पंप लावलेला माणूस यांनाही ही मशीन लावत नाहीत. शेजारणी-पाजारणींना सांगाल तेव्हा हेही सांगा.

शाळेचं विचारलंत. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तरी तुमचा हात तोवर पूर्ण वर जाईल असं वचन मी देणार नाही. रात्रीचा ठणका तीन-चार आठवड्यांत कमी व्हायला हवा. फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत पोचायला बारा आठवडे धरा, शुगर चढी असेल तर त्याहून जास्त. तोवर डोळ्यांच्या उंचीखालीच लिहा, आणि वर तारीख-वार लिहायला एखाद्या उंच पोराला उठवा.

मध्ये कधी एकदम कट्कन आवाज होऊन हात उचलताच येईनासा झाला, खांदा लाल होऊन तापला आणि अंगातही ताप भरला, दुखणं हातात उतरून बोटांना मुंग्या यायला लागल्या किंवा पकड सुटायला लागली, तर व्यायाम आणि मशीन दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना गाठा. छातीत दडपण किंवा घाम येऊन खांदा दुखला, तर हाडांच्या डॉक्टरांकडेही नाही, सरळ इमर्जन्सीत जा. शुगर असलेल्या बायकांमध्ये हृदयाचं दुखणं कधी कधी खांद्याच्या रूपाने येतं. सहा आठवडे नीट व्यायाम करूनही तसूभर फरक पडला नाही, तर एमआरआय करायचा का हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. एचबीए१सीचा आकडा आणि ती पंजे उघडायची तपासणी कशी झाली, हे मला जरूर कळवा. फ्रोझन शोल्डर निघाला, तर त्याबद्दल मी तुम्हाला वेगळं लिहीन.